एक नकार हवा आहे

भरतेश शेडबाळेला आयुष्यात कुणी नाही म्हटलं नव्हतं, आणि वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी त्याला नेमकं तेच हवं होतं. एक नकार. साधा, स्वच्छ, तोंडावर दिलेला. इतरांना हा माल सांगलीत कुठल्याही कचेरीत, कुठल्याही खिडकीवर फुकट मिळतो. भरतेशला मात्र तो मिळवताना नाकीनऊ आले.

कुपवाडच्या रस्त्याला शेडबाळ्यांचं कोल्ड स्टोरेज आहे. तासगावकडचा बेदाणा आणि कोरेगाव-रहिमतपूरकडची हळद तिथे थंडाव्याला पडून असते. भाव चढला की शेतकरी येतो, माल काढतो आणि विकतो. हे सगळं उभं केलं बाहुबली आप्पांनी, भरतेशच्या वडिलांनी. आप्पा आता अठ्ठ्याहत्तरचे. पांढरं धोतर, बंद गळ्याचा कोट, काळी टोपी. सूर्य मावळल्यावर पाण्याचा थेंब नाही आणि उभ्या जन्मात कुणापुढे हात नाही. बाजारात त्यांचा शब्द हीच पावती होती. लोक पोती टाकून जायचे आणि पावती घ्यायला विसरायचे. विसरायचे म्हणजे काय, पावती मागणं म्हणजे आप्पांचा अपमान, असंच समजायचे.

आता एवढा मोठा बाप लाभल्यावर मुलाने सुखात राहायला काय हरकत होती? पण नाही. भरतेशला जे मिळालं ते सगळं आप्पांच्या नावावर मिळालं, ही त्याची जुनी ठसठस. कॉलेजात प्रवेश मिळाला तो आप्पांचा मुलगा म्हणून. बायको मिळाली ती आप्पांची सून म्हणून. केस कापायला बसला तरी न्हावी आधी ‘आप्पांची तब्येत काय म्हणते’ विचारायचा आणि मग कात्री हातात घ्यायचा. स्वतःच्या नावावर त्याच्याकडे एक मोटरसायकल होती, आणि तीही लोक आप्पांचीच समजत.

म्हणून त्याने रहिमतपूरला नवं स्टोरेज आणि हळदीची गिरणी काढायचं ठरवलं. तिकडच्या शेतकऱ्याला हळद घेऊन सांगलीपर्यंत यायला नको. कल्पना चांगली होती, यात वाद नाही. आणि त्यासाठी पैसे सांगलीतून घ्यायचे नाहीत, हेही त्याने ठरवलं. पैसे घ्यायचे ते युरोपातून.

उत्तरेकडच्या एका थंड देशाची एक विकास वित्त संस्था होती. गरीब देशांतल्या खासगी उद्योगांना ती पैसे पुरवते. पैसा सरकारचाच, पण त्याला सरकारी म्हणायचं नाही. नफा हवा, पण नफ्यासाठी आलो म्हणायचं नाही. तिथल्या अधिकारी आनेकेबाई मुंबईच्या एका हॉटेलात भरतेशला पहिल्यांदा भेटल्या, तेव्हा त्यांनी विचारलं, “मिस्टर भरतेश, तुमचं स्वप्न काय आहे?” आप्पांचं नाव त्यांनी ऐकलेलंही नव्हतं. चव्वेचाळीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी आप्पांची तब्येत न विचारता थेट त्याच्याकडे बघून बोललं. भरतेश तिथेच विरघळला. व्याज किती, मुदत किती, हे त्याने दुसऱ्या भेटीत विचारलं.

सगळं सुरळीत चाललं होतं. एक दिवस प्रांजल आला. प्रांजल हा संस्थेने नेमलेला पुण्याचा सल्लागार. वय तिशीच्या आत, पाठीवर सॅक, आणि कुठलीही गोष्ट सांगताना हवेत दोन्ही हातांनी चौकोन काढायची सवय. सांगलीच्या विश्रामबागेतल्या भरतेशच्या ऑफिसात तो गंभीर चेहऱ्याने बसला.

“सर, तुमचा प्रस्ताव फार सुंदर आहे. पण एक रेड फ्लॅग आलाय.”

भरतेश खुर्चीत पुढे सरकला. “कसला?”

“तुमच्यावर सगळ्यांचा विश्वास आहे.”

“मग?”

“म्हणजे इथली कुठलीही बँक तुम्हाला कर्ज देईल.”

“देईल की. उद्या देईल.”

“हाच तर प्रॉब्लेम आहे!” प्रांजलने हवेत चौकोन काढला. “याला अ‍ॅडिशनॅलिटी म्हणतात. आम्ही नसतो तर हा प्रकल्प झालाच नसता, हे आम्हाला तिकडच्या संसदेला दाखवावं लागतं. बाजार जिथे पैसे देत नाही, तिथेच आम्ही जातो.”

थोडक्यात, जेवून आलेल्या माणसाला वाढायचं नाही, असा संस्थेचा नियम. माणूस उपाशी पाहिजे. फक्त वाढायच्या आधी त्याची तब्येत दणकट आहे ना, हेही बघायचं. या दोन्ही अटी एकाच माणसात कशा बसवायच्या, हा ज्याचा त्याचा प्रश्न.

“मग मी काय करू?” भरतेशने विचारलं.

“आनेके पुढच्या आठवड्यात येतायत. त्यांना इथल्या एखाद्या बँकेने समोरासमोर सांगायला हवं, की आम्ही यांना कर्ज देणार नाही. एक पुरेल.”

भरतेशला हायसं वाटलं. एक नकारच ना! मिळेल की.

तो आधी एका सरकारी बँकेच्या शाखेत गेला. मॅनेजर विदर्भातून बदलून आलेले, बिचारे तिमाहीच्या टार्गेटने गांजलेले होते. भरतेश आत शिरताच त्यांनी उठून खुर्ची पुसली. भरतेशने हळूच विषय काढला, की रहिमतपूरच्या कामासाठी कर्ज हवंय, पण तुम्हाला ते देता येणार नाही, असं तुम्ही म्हणालात तर बरं होईल. मॅनेजर हसले. त्यांना वाटलं, गिऱ्हाईक व्याज कमी करून घ्यायला खडा टाकतंय.

“साहेब, अर्धा टक्का कमी करतो,” ते म्हणाले.

“अहो, कमी नको. नाही म्हणा.”

“पाऊण टक्का. याच्या खाली माझ्या हातात नाही. वर बोलू का?” आणि त्यांनी खरोखरच फोन उचलला. भरतेश तिथून जवळजवळ पळतच बाहेर पडला. पुढचे चार दिवस बँकेची माणसं त्याच्या घरी फुलांचा गुच्छ घेऊन येत होती.

मग तो एका सहकारी बँकेच्या अध्यक्षांकडे गेला. त्यांना अडचण समजली, सहानुभूतीही वाटली. पण ते म्हणाले, नकार द्यायचा तर आधी रीतसर अर्ज घ्यावा लागेल, तो संचालक मंडळापुढे ठेवावा लागेल, आणि मंडळात आप्पांचं नाव निघालं की सगळे ‘मंजूर, मंजूर’ म्हणून बाकं वाजवतील. “आमच्याकडं एकमतानं होकार देता येतो,” अध्यक्ष खिन्नपणे म्हणाले, “नकाराला गणपूर्ती व्हत न्हाई.”

विट्याच्या एका ओळखीच्या गलाईवाल्याला त्याने फोन लावला. हा माणूस कोइमतूरला सोनं आटवण्याचं दुकान चालवतो. भरतेशचं अर्धं बोलणं ऐकूनच तो ओरडला, “कर्ज कशाला रं? आप्पांच्या पोरानं परक्याकडं जायचं म्हंजे आमी मेलो का काय? किती पाठवू बोल!” भरतेशने फोन ठेवून दिला.

शेवटी उरले लालासाहेब. बाजाराच्या पाठीमागे एक व्यापारी पतसंस्था आहे, तिचे ते चेअरमन. आप्पांचे पन्नास वर्षांचे मित्र. संस्था निघाली त्या दिवशी पहिली ठेव आप्पांनी ठेवली होती. लालासाहेबांच्या केबिनमध्ये त्यांच्या स्वतःच्या खुर्चीशेजारी आणखी एक खुर्ची असते. त्या खुर्चीवर कुणी बसत नाही, कारण ती आप्पांची. आप्पा आले की लालासाहेब जिन्यापर्यंत जाऊन त्यांना वर आणतात.

भरतेशने त्यांच्या घरी जाऊन सगळं सांगितलं. पुढ्यात भडंग होतं. लालासाहेबांचा हात ताटलीत तसाच राहिला.

“म्हंजे मी त्या बाईम्होरं म्हणायचं, की शेडबाळ्यांना कर्ज देत न्हाई?”

“फक्त म्हणायचं काका. खरंखुरं थोडंच?”

“आरं, पर का न्हाई देत, असं तिनं इचारलं तर?”

“मुदत लांब आहे म्हणायचं. बारा वर्षांचं कर्ज आम्हाला परवडत नाही. बास.”

“हे खरंच हाय म्हणा. बारा वर्षांचं न्हाईच देत आमी.” लालासाहेबांचा चेहरा जरा सैल झाला. मग पुन्हा आखडला. “आप्पांना ठावं हाय का?”

“नाही. आणि कळायचंही कारण नाही. केबिनमध्ये आपण चौघंच. बाहेर कुठं जातंय?”

लालासाहेबांनी मान हलवली. ते फार भले माणूस आहेत. आजवर त्यांनी कर्ज नाकारताना कधी ‘नाही’ हा शब्द वापरलेला नाही. ‘बघू’, ‘पुढल्या महिन्यात या’, ‘जरा कागद येऊ द्यात’ एवढ्यावर सगळे समजून घ्यायचे, आणि ज्याला कर्ज मिळालं नाही तोही चहा पिऊन खुशीत जायचा. आता त्यांना भरतेशपुढे उभं राहून तालीम करावी लागली. पहिल्या खेपेला त्यांच्या तोंडून ‘न्हाई, पर बघू’ निघालं. दुसऱ्या खेपेला त्यांनी डोळे मिटून म्हटलं, आणि जमलं. भरतेशने टाळ्या वाजवल्या.

ठरल्या दिवशी आनेकेबाई आल्या. उंच, उन्हाने लाल झालेल्या, सुती कुर्ता घातलेल्या. बाजारात येताना त्यांनी हळदीचे ढीग पाहिले, वास घेतला, नाक पुसलं आणि सगळ्यांना नमस्कार केला. बाई मनाने चांगल्या होत्या. वाईट माणसांच्या हातून इतकं मोठं नुकसान सहसा होत नाही.

पतसंस्थेच्या केबिनला काच आहे. एसी बंद पडला होता, म्हणून दार उघडं ठेवलं होतं. बाहेर बाकावर आणि खिडक्यांपुढे ठेवीदार, कर्जदार, दोन-चार अडते, रहिमतपूरकडचे तीन शेतकरी, असा नेहमीचा राबता होता. परदेशी बाई आत बसलेली, म्हटल्यावर सगळ्यांचे कान आतच होते. दार लावून घ्यावं, हे भरतेशला सुचलं नाही. प्रांजललाही नाही. लालासाहेबांना तर घामाने काहीच सुचत नव्हतं.

“तुम्ही या प्रकल्पाला कर्ज द्याल का?” आनेकेबाईंनी इंग्रजीत विचारलं. प्रांजलने मराठी केलं.

“न्हाई,” लालासाहेब डोळे मिटून म्हणाले. “मुदत लांब हाय.”

जमलं! भरतेशने श्वास सोडला. पण आनेकेबाई अभ्यासू होत्या. त्यांनी पुढे विचारलं, “मुदत पाच वर्षं केली तर?”

हा प्रश्न तालमीत नव्हता. पाच वर्षांचं कर्ज लालासाहेब रोज देत होते. खरं उत्तर ‘हो’ होतं. त्यांनी भरतेशकडे पाहिलं. भरतेशने टेबलाखालून हाताने ‘नाही’ची खूण केली.

“पाच वर्सांचं बी न्हाई.”

“एक वर्ष?”

“एक वर्स बी न्हाई.”

“का?”

लालासाहेबांनी रुमालाने कपाळ पुसलं. कारण तर द्यायला हवं. कारणाशिवाय नाही म्हणायचं म्हणजे आप्पांचा अपमान. प्रकल्प वाईट म्हणावं तर भरतेशचा अपमान. ते चाचपडले, आणि सापडला तो शब्द जोरात बोलून मोकळे झाले. “भरवसा न्हाई!”

बाहेर खिडकीपाशी नोटा मोजणारं मशीन तेवढ्यात थांबलं होतं. शब्द सगळ्या हॉलभर ऐकू गेला.

प्रांजलने भाषांतर केलं. आनेकेबाईंचे डोळे चमकले. त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि खाली दोन रेघा ओढल्या. बाजाराचं अपयश, प्रांजलने कानात सांगितलं, याहून स्वच्छ उदाहरण त्यांनी कुठे पाहिलेलं नाही. भरतेशला आनंदाने काय करावं कळेना. जिना उतरताना त्याने प्रांजलला मिठी मारली.

वर लालासाहेब शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत बराच वेळ बसून राहिले.

सांगलीचा बाजार बातमी कधी विचारून घेत नाही. संध्याकाळी ती अडत्यांच्या पेढ्यांवर होती, रात्री तासगावात, आणि सकाळच्या पहिल्या एसटीआधी रहिमतपुरात. वाटेत तिला हातपाय फुटले. लालासाहेबांनी आप्पांची खुर्ची बाहेर काढली. परदेशातनं बाई वसुलीला आली. शेतकऱ्यांची हळद गहाण टाकली. प्रत्येकाने जरासंच घातलं, आणि ते घालताना प्रत्येकाला मनापासून वाईट वाटत होतं.

सकाळी भरतेश स्टोरेजवर पोहोचला तर फाटकापासून रस्त्यापर्यंत पिकअप आणि ट्रॅक्टर उभे. सगळ्यांत पुढे सयाजी. रहिमतपूरचा, फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेला, वीस वर्षं याच स्टोरेजमध्ये हळद ठेवणारा. पिकअपच्या केबिनमध्ये त्याची बायको अंबूबाई बसली होती.

“काय सयाजी, आज सकाळीच?”

“माल काढायचा हुता जी.” सयाजी बुटाकडे बघत म्हणाला. “पोराचं लगीन निघालंय.”

मागचा तासगावचा बेदाणेवाला म्हणाला, त्याच्या पुतणीचं लग्न निघालंय. त्याच्या मागच्याच्या भावाचं निघालं होतं. ‘आमचा तुमच्यावर विश्वास नाही’ हे तोंडावर म्हणायची या मुलखात पद्धत नाही. त्यामुळे त्या एका सकाळी दोन जिल्ह्यांतल्या निम्म्या घरांत लग्नं निघाली.

तेवढ्यात आप्पा आले. त्यांनी रांग पाहिली, सगळ्यांचे नमस्कार घेतले, लग्नं ऐकून घेतली. मग सयाजीच्या खांद्यावर हात ठेवला.

“सयाजी, अधिक महिना चाललाय. ह्या महिन्यात तुमच्यात लगनं व्हत न्हाईत, हे मज जैनाला ठावं हाय. काय झालं?”

केबिनमधून अंबूबाई म्हणाल्या, “मी सांगत हुते, दुसरं कायतरी सांगा म्हणून.” मग त्याच खाली उतरल्या. पदर सारखा केला. “आप्पा, लालासाहेब म्हणलं, शेडबाळ्यांचा भरवसा न्हाई. परक्याचं कुणी ऐकलं नसतं. पर त्यो तुमचा मैतर.”

आप्पांनी भरतेशकडे पाहिलं. भरतेश काहीतरी बोलू लागला. संस्था, अ‍ॅडिशनॅलिटी, फक्त म्हणायचं होतं, खरं नव्हतं. बाजाराच्या भाषेत यातलं एकही वाक्य बसेना. आप्पांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

“म्हंजे तूच म्हणायला सांगितलंस?”

“हो.”

आप्पा रागावले असते तर बरं झालं असतं. ते फक्त वळले आणि हमालांना म्हणाले, “दारं उघडा. समदी. ज्याला माल न्यायचाय त्याला भरून द्या. पावती इचारू नका. हमाली आपल्याकडनं.”

त्यांना वाटत होतं, दारं सताड उघडी पाहिली की माणसं शरमतील आणि थांबतील. आप्पांच्या काळच्या बाजारात थांबली असती. पण रांगेतल्या निम्म्या लोकांचे बाप आप्पांना ओळखत होते, ते स्वतः नव्हे. पोती बाहेर येऊ लागली. सयाजी हात जोडून आप्पांच्या पाया पडला, डोळे पुसले, आणि आपली पोती मोजून घेऊन गेला.

नेमकी याच वेळी आनेकेबाईंची गाडी आली. त्या दिवशी साइट व्हिजिट होती.

“इतके शेतकरी!” त्या खाली उतरताच म्हणाल्या. “आज काय आहे?”

प्रांजलने भरतेशकडे पाहिलं. भरतेशचा चेहरा पाहून तो काय ते समजला, पण त्याची नोकरी होती. “शेतकरी आपला माल हवा तेव्हा, कुठल्याही अडवणुकीशिवाय काढून नेऊ शकतात,” तो म्हणाला. “इथली ती पद्धत आहे.”

आनेकेबाई हरखल्या. महिला शेतकरी कोण, त्यांनी विचारलं. प्रांजलने अंबूबाईंना हळदीच्या पोत्यांपाशी उभं केलं. अंबूबाईंना हसायला सांगितलं. “का म्हणून हसू?” त्या म्हणाल्या. शेवटी त्या न हसताच फोटो निघाला, आणि तो संस्थेच्या वार्षिक अहवालाच्या मुखपृष्ठावर छापायचं ठरलं.

चार दिवसांत स्टोरेज रिकामं झालं. यंत्रं चालूच होती, कारण गिऱ्हाईक आलं की दार उघडताच थंडावा लागला पाहिजे, असा आप्पांचा नियम. भरतेश आत जाऊन उभा राहिला की अंगात शिरशिरी यायची. एवढ्या थंड, एवढ्या मोठ्या रिकाम्या जागेत तो याआधी कधी एकटा उभा राहिला नव्हता. घरी आप्पा त्याच्याशी नेहमीसारखं बोलत होते, जेवायला वाट बघत होते, आणि त्यानेच भरतेशला जास्त लाज वाटत होती.

तरीही एक आशा होती. रहिमतपूर. तेवढं झालं की बाजार परत येईल, आणि आप्पाही बघतील.

जुलैत व्हिडिओ कॉल आला. आनेकेबाई, त्यांच्या मागे एक पांढरी भिंत, आणखी दोन चौकोनांत दोन अनोळखी चेहरे आणि एकात प्रांजल. बातमी आनंदाची होती. अ‍ॅडिशनॅलिटीत भरतेशच्या प्रकल्पाला यंदाचे सर्वांत जास्त गुण मिळाले होते. अनोळखी चेहऱ्यांनी अभिनंदन केलं.

“फक्त एक छोटी अट आहे,” आनेकेबाई म्हणाल्या. “आमच्या कर्ज समितीला जोखीम जरा जास्त वाटते. स्थानिक बँकेला तुमच्यावर विश्वास नाही, असं आमच्याच अहवालात आहे. आणि तुमच्या जुन्या गोदामात सध्या मालही नाही. तेव्हा एखाद्या स्थानिक वित्तसंस्थेने हमी द्यावी. एक पुरेल.”

प्रांजलने त्याच्या चौकोनात मान खाली घातली.

भरतेश त्याच दुपारी लालासाहेबांच्या घरी गेला. पुन्हा भडंग आलं, चहा आला. या खेपेला होकार हवा होता, खराखुरा. लालासाहेबांनी त्याचा हात हातात घेतला. त्यांचे डोळे भरून आले होते.

“आरं, माज्या संचालकांनी ऐकलंय, ठेवीदारांनी ऐकलंय. मी भर हॉलमधी म्हणलो, भरवसा न्हाई. आता दोन महिन्यांनी त्याच माणसाला हमी दिली, तर माज्याकडं ठेव कोण ठेवंल? तुझं स्टोरेज बी रिकामं. मी रिकाम्या गोदामाला हमी देऊ?” ते थांबले. “न्हाई जमायचं, बाळ.”

‘बघू’ नाही, ‘पुढल्या महिन्यात ये’ नाही. आयुष्यातला पहिला खराखुरा नकार भरतेशला मिळाला, आणि तो त्याच्या स्वतःच्या नावावर होता.

घरी त्याने बायकोला, ब्राह्मीला, सांगितलं. आप्पा पलीकडच्या खोलीत स्वाध्यायाचं पुस्तक उघडून बसले होते. त्यांनी ऐकलं की नाही, कळलं नाही. पान मात्र बराच वेळ उलटलं नाही.

दुसऱ्या दिवशी भरतेश पतसंस्थेत आपल्या खात्याचं काही काम होतं म्हणून गेला. हॉलमध्ये नेहमीचीच गर्दी. बाकावर एक दुधवाला, एक रिक्षावाला, एक मास्तर, आणि मास्तरांच्या पलीकडे कडेला आप्पा. बंद गळ्याचा कोट सगळ्या गुंड्या लावून घातलेला. टोपी काढून मांडीवर ठेवलेली. पन्नास वर्षांत ते त्या बाकावर कधी बसले नव्हते. आजूबाजूचे लोक त्यांच्याकडे बघायचं टाळत होते, आणि त्यांच्यासाठी उठत मात्र कुणी नव्हतं.

“आप्पा! तुम्ही इथं?”

“बस.” आप्पा जरासे सरकले. “तुझ्या त्या बाईंना जामीन पाहिजे म्हणं. लालाला इचारावं म्हणलं.”

“आप्पा, काका मला नाही म्हणालेत.”

“तुला म्हणालाय.”

मास्तर दुसरीकडे बघू लागले. आप्पा त्याच्या कानाशी वाकले, आणि भर बाजारात मोठमोठ्या सौद्यांत कधी हलला नाही तो आवाज जरा अडखळला.

“भरतेश, मागायचं कसं असतं रं? मी कवा मागितलं न्हाई. पयलं काय म्हणत्यात? उभं राहून बोलायचं का बसून? तू तवा आठवडाभर समद्यांच्या दारात फिरलास, तुला ठावं असंल.”

भरतेश आठवडाभर दारोदार फिरला होता खरा. पण यातलं त्याला काहीच ठाऊक नव्हतं. त्याने आप्पांचा हात धरला आणि म्हणाला, “चला घरी. मला नको ते रहिमतपूर.”

“आता आलोय तर इचारतो,” आप्पा म्हणाले. “तुझ्या नावानं कायतरी उभं राहतंय, तर राहू दे.”

“बाहुबली शेडबाळे!” खिडकीतून कारकुनाने पुकारलं. नवा होता, पोरसवदा. त्या इमारतीत ते नाव मागे ‘आप्पा’ न लावता पहिल्यांदाच उच्चारलं गेलं. आप्पांना ते आपल्यालाच आहे हे कळायला क्षणभर लागलं. मग ते उठले, कोट सारखा केला, टोपी डोक्यावर घातली, परत काढून हातात घेतली आणि केबिनकडे चालू लागले.

काचेआडून लालासाहेबांनी त्यांना येताना पाहिलं. ते खुर्चीतून अर्धे उठले. मग हॉलमधल्या ठेवीदारांकडे त्यांची नजर गेली, आणि ते पुन्हा खाली बसले.